सोमवारचा बेल

बेंगळुरूला मी एका पट्टीसाठी गेले. जखमेवर बांधायची पट्टी. तळहाताएवढी, रंगाने फिक्कट तपकिरी. बेलाच्या पानांच्या काढ्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करून ते या कापडात मुरवलेले होते. मधुमेहामुळे पायाला झालेल्या, महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांवर ती वापरून पाहायची होती. बारा रुग्णांची यादी तयार होती. नाशिकच्या एका साप्ताहिकासाठी त्यावर दोन पानं लिहायची, असं ठरवून मी नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तिथे पोचले. गुरुवारी परतायचं होतं. दहा दिवस राहिले.

शनिवार, जे. पी. नगर

पहिली चूक माझीच. मेट्रोत उलट दिशेच्या गाडीत बसले आणि तीन स्टेशनं गेल्यावर ते लक्षात आलं. शेजारच्या बाईंना हिंदीत विचारलं, त्यांनी कन्नडमध्ये उत्तर दिलं, आणि शेवटी हाताला धरून मला समोरच्या फलाटावर नेऊन उभं केलं. त्यांची गाडी त्यात चुकली. आभार कसे मानायचे ते मला येत नव्हतं.

जे. पी. नगर स्टेशनवर मेघना जाधव थांबली होती. वय एकतीस, रसायनशास्त्रात पीएच.डी.चं शेवटचं वर्ष. पट्टी तिच्याच कामातली, आणि माझा मुक्कामही तिच्याच घरी. तिचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी टिकली आहे, पण तिच्यात 'थोडं' हा शब्द नाही, 'स्वल्प' आहे. 'बरं'च्या जागी 'सरी' आहे. आईला जाऊन सहा वर्षं झाली. घरात ती आणि वडील, दोघंच.

वडिलांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. चाळीस वर्षं त्यांनी चिकपेटच्या घाऊक साड्यांच्या दुकानात काढली. मी पेपरात लिहिते हे ऐकल्यावर ते म्हणाले, "मग जपून बोलतो. आमच्यात बोलून झाल्यावर शहाणपण येतं."

"अण्णा, त्या पट्टीबद्दल लिहिणार आहेत. तुमच्याबद्दल नाही," मेघना म्हणाली.

"पट्टीत माझा बेल आहे की नाही?"

जेवायला नाचणीचे मुद्दे आणि झुणका होता. नाचणीचा उकडलेला गोळा, मुठीएवढा. आपल्याकडे झुणक्याबरोबर भाकरी मोडतात, तसा इथे हा गोळा तोडतात आणि न चावता गिळतात. मी चावला. अण्णांनी ते पाहिलं, पण पाहुणी म्हणून काही बोलले नाहीत.

जेवणानंतर मेघनाने मला कृती समजावली. चांदीचा एक क्षार पाण्यात विरघळवला की पाणी स्वच्छ, रंगहीन असतं. त्यात पानांचा गाळलेला काढा घातला की तासाभरात ते पिवळसर आणि मग तपकिरी होतं. पानांतली द्रव्यं विरघळलेल्या चांदीचे कण बनवतात आणि त्या कणांना वेढून एकमेकांपासून दूर ठेवतात. केसाच्या जाडीत असे हजारो कण शेजारी शेजारी मावतील. एरवी यासाठी जी तीव्र रसायनं लागतात, ती इथे लागत नाहीत. तिच्याच प्रयोगशाळेत दुसरा गट असेच कण वापरून रंगकामाच्या सांडपाण्यातला रंग काढतो. तिचा गट जखमांचं पाहतो.

पुढच्या शुक्रवारी रुग्णांवरच्या चाचणीची फाइल समितीपुढे जाणार होती. तिच्या कामावरचा लेख एका नियतकालिकाने स्वीकारला होता. मार्चमध्ये शिष्यवृत्ती संपणार होती. हे सगळं एकमेकांत अडकलेलं होतं, आणि तिने ते तसंच सांगितलं.

रविवार

मेघना रविवारी सकाळी धर्मादाय दवाखान्यात जाते. ती सहालाच गेली. मी अंगणात आले तेव्हा अण्णा बेलाखाली उभे होते. घर बांधलं तेव्हा लावलेलं झाड आता गच्चीच्या वर गेलं आहे. खालच्या फांद्यांवरची पानं ते हाताने खुडत होते. तीन दलांचं पान, देठासकट, एकेक. किडलेलं पान बाजूला. टोपली भरल्यावर त्यांनी पानं धुतली आणि पाण्याने भरलेल्या तांब्याच्या घागरीत सोडली. घड्याळात साडेसहा झाले होते. सवयीने मी वेळ वहीत टिपली.

"पूजेची?" मी विचारलं.

"पूजेची स्वल्प. बाकी मेघनाच्या कॉलेजची. उद्या लागतात."

"मग उद्याच का नाही तोडत?"

अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई, नाशिकच्या तुम्ही. सोमवारी बेल तोडतात?"

तोडत नाहीत. हे मलाही माहीत होतं. सोमवार शंकराचा, त्या दिवशी वाहायचा बेल आदल्या दिवशी काढून ठेवतात. माझ्या माहेरी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत.

"बेल शिळा होत नाही," अण्णा म्हणाले. "फुलाचं तसं नाही. आणि तांब्याचं पाणी शुद्ध. त्यात ठेवला की उद्या बघा, आत्ता तोडल्यासारखा."

सोमवारी सकाळी पाहिलं. खरोखर तसाच होता.

सोमवार, प्रयोगशाळा

प्रयोगशाळा शहराच्या उत्तर टोकाला आहे. रोज सकाळी दारात अण्णा पानांची पुडी मेघनाच्या हातात देतात आणि ती पिशवीत टाकून मेट्रो पकडते. सोमवारी पुडी मोठी असते, कारण वाफेने निर्जंतुक करायचं मोठं यंत्र तिच्या गटाला सोमवारीच मिळतं. पट्टीसाठीचा माल त्याच दिवशी होतो.

तिने पानं शुद्ध पाण्यातून काढली, पुसली, तोलली. मग बाटलीला चिठ्ठी लावली: बेल, जे. पी. नगर, ताजी पानं. खाली सोमवारची तारीख.

मी बातम्यांच्या टेबलावर बावीस वर्षं काढली आहेत. मजकुरात तारीख चुकलेली दिसली की ती दाखवायची, एवढाच माझा हेतू होता.

"ही पानं कालची आहेत ना?" मी म्हणाले.

"नाही, आजची. अण्णांनी आत्ता सकाळी दिली."

"दिली आज. तोडली काल साडेसहाला. रात्रभर घागरीत होती."

"कुठल्या घागरीत?"

"तांब्याच्या."

मेघनाने हातातली बाटली टेबलावर ठेवली. मग स्टूल ओढून बसली. नंतर कपाटातून तीन वह्या काढल्या आणि पहिल्या पानापासून पाहू लागली.

तिने मला जे सांगितलं, ते असं: तिचे कण कधी जोरदार निघत, कधी मिळमिळीत. जोरदार म्हणजे जंतू झपाट्याने मारणारे. सोमवारचा माल बहुतेक नेहमी चांगला असे. त्या दिवशी यंत्र मोकळं असतं, शुद्ध पाणी नव्याने भरलेलं असतं, म्हणून असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. मिळमिळीत नमुन्यांसाठीही कारणं होती: पानं जून असतील, काढा जास्त उकळला असेल.

चांगल्या नमुन्यांसमोर ती पेन्सिलीने खूण करत गेली. जवळजवळ सगळ्या खुणा सोमवारी पडल्या. तीन पडल्या नाहीत. एक बुधवार, एक गुरुवार, एक शनिवार.

"मग सोमवारचा संबंध नाही," मी म्हणाले.

ती मोबाइलवर पंचांग उघडून बसली होती. "बुधवारी चतुर्थी होती," ती म्हणाली. "शनिवारी पण चतुर्थी. गुरुवारी अमावास्या." आणि थोड्या वेळाने, "चतुर्थीला, अष्टमीला, अमावास्येला अण्णा बेल तोडत नाहीत."

हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

तिच्या मार्गदर्शक डॉ. शैलजा दुपारी आल्या. साठीच्या, सुती साडी, आवाज कधी चढत नाही. त्यांनी वह्या उलटसुलट पाहिल्या आणि एकच प्रश्न विचारला: घागरीचं तांबं पानांत उतरलं असेल, तर नमुन्यातल्या मूलद्रव्यांच्या तपासणीत ते दिसलं नव्हतं का?

"दिसलं होतं, मॅम."

"मग?"

"जाळी."

डॉ. शैलजांनी डोळे मिटले. मला कळलं नाही, म्हणून मेघनाने सांगितलं. सूक्ष्मदर्शकाखाली नमुना ज्या बारीक जाळीवर ठेवतात, ती जाळीच तांब्याची असते. त्यामुळे प्रत्येक तपासणीत तांब्याची रेघ उमटते, आणि प्रत्येक जण ती जाळीची म्हणून सोडून देतो. तसंच शिकवलेलं असतं.

"मीच शिकवलं," डॉ. शैलजा म्हणाल्या.

त्यांनी फाइल अजून थांबवली नाही. आधी पडताळा, म्हणाल्या. मंगळवारी झाडावरून थेट काचेच्या बरणीत पानं घ्यायची आणि त्यांचे कण करायचे. शेजारी घागरीतल्या पानांचे कण. तिसरा नमुना घागरीतल्या पानांचा नुसता काढा, चांदी न घालता. तिन्ही जंतूंवर टाकायचे आणि बुधवारी बघायचं.

मंगळवार, चिकपेट

मेघनाने सकाळी अण्णांना बरणी दिली आणि पानं थेट तिच्यातच टाकायला सांगितलं. अण्णांनी कारण विचारलं. ती "असंच" म्हणाली आणि गेली.

अण्णा मला चिकपेट दाखवायला घेऊन गेले. मेट्रो जमिनीखाली थांबते आणि जिना चढून वर आलं की माणूस थेट कापडाच्या ताग्यांमध्ये निघतो. गल्ली इतकी अरुंद की डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल आला की दोन्ही बाजूंचे लोक दुकानांच्या पायऱ्यांवर चढतात आणि तो गेला की पुन्हा उतरतात. कोणी कोणाला काही म्हणत नाही. अण्णांना मात्र प्रत्येक तिसऱ्या दुकानातून हाक होती. एका दुकानदाराला त्यांनी माझी ओळख करून दिली आणि कन्नडमध्ये बरंच काही सांगितलं. त्यातला 'बिल्वपत्रे' एवढा शब्द मला कळला. दुकानदाराने अण्णांना हात जोडले.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"की आमच्या झाडाने लोकांचे पाय वाचणार आहेत."

पुढे भांड्यांच्या दुकानांची रांग लागते. अण्णा तिथे थांबले आणि तांब्याची एक मोठी घागर उतरवून घेतली. बोटाने वाजवून पाहिली, आतून हात फिरवला.

"घरातली पुरत नाही आता," ते म्हणाले. "चाचणी सुरू झाली की पानं जास्त लागणार. पुट्टीने मागायच्या आधी आणून ठेवावी."

पुट्टी म्हणजे मेघना.

मी म्हणाले, "आज नका घेऊ, अण्णा."

"का? महाग सांगतोय का? थांबा, मी बोलतो त्याच्याशी."

"तसं नाही. मेघनाला विचारून घ्या."

त्यांनी घागर दोन्ही हातांत धरून ठेवली. "काल ती जेवली नाही," ते म्हणाले. "आज काचेची बरणी दिली. पानांचं काही झालंय?"

"ते तिनेच सांगायला हवं."

"तुम्हाला माहीत आहे."

"हो."

त्यांनी आणखी विचारलं नाही. घागर दुकानदाराच्या हातात परत दिली, "सरी, आमेले," म्हणाले. म्हणजे ठीक आहे, नंतर. त्यानंतर आम्ही उभ्याने कॉफी प्यायलो. पितळेच्या वाटीत फेसाळ कॉफी ओतून देतात. अण्णांनी ती अर्धी ठेवली. परतीच्या गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि गाडी जमिनीखालून जात होती.

बुधवार

काचेच्या चपट्या तबकडीत जंतूंचा पातळ थर वाढवतात आणि त्यावर औषधाचा थेंब टाकतात. जंतू मेले की थेंबाभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. वर्तुळ जितकं मोठं, तितकं औषध जोरदार.

सकाळी दहाला मेघनाने तबकड्या उजेडात धरल्या. घागरीतल्या पानांच्या कणांचं वर्तुळ रुंद होतं, लेखातल्या छायाचित्रात आहे तसंच. ताज्या पानांच्या कणांचंही वर्तुळ होतं, पण करंगळीच्या नखाएवढं. चांदी न घातलेल्या काढ्याभोवतीही एक पुसट कडं होतं. ते असायला नको होतं.

"चांदी काम करते," डॉ. शैलजा म्हणाल्या. "पण आपण लिहिलं तितकं नाही. उरलेलं तांब्याचं, किंवा दोघांचं मिळून. आणि तांबं किती आहे ते आपल्याला माहीत नाही."

"दर सोमवारी वेगळं असणार," मेघना म्हणाली.

"आणि ते उघड्या जखमेवर बांधणार होतो."

यानंतर खोलीत जे झालं त्याला दहा मिनिटं लागली. डॉ. शैलजांनी समितीला फाइल परत मागण्याचं पत्र लिहिलं. मेघनाने नियतकालिकाच्या संपादकाला लेख मागे घेत असल्याचं कळवलं. कारणाच्या जागी तिने लिहिलं की पानं साठवण्याची पद्धत लेखात नोंदवलेली नाही आणि तिचा परिणाम निष्कर्षांवर झालेला आहे. पाठवायचं बटण दाबण्याआधी तिने तो मजकूर मला वाचायला दिला. मी त्यातला एक स्वल्पविराम काढला. दुसरं काही काढण्यासारखं नव्हतं.

डॉ. शैलजा म्हणाल्या, "प्रबंध एक वर्ष पुढे जाईल. शिष्यवृत्तीचं मी कोणाशी तरी बोलते. वचन देत नाही."

"हो, मॅम."

"पुन्हा पहिल्यापासून. तेच झाड, काचेचं भांडं, आठवड्याचे सातही दिवस. सोमवारच्या पाण्याचा, यंत्राचा काही संबंध नाही हे दाखवायचं तर सोमवारची ताजी पानं लागतील. सोमवारी तोडलेली."

मेघनाने मान हलवली, पण लगेच नाही.

दुपारी आम्ही दवाखान्यात गेलो. यादीतलं पहिलं नाव रुद्रप्पांचं होतं. रिक्षा चालवत, आता टाचेच्या जखमेमुळे आठ महिने घरी. बाकावर पाय लांब करून बसले होते. मेघनाला पाहताच त्यांनी विचारलं, "यावाग, मेडम?" कधी?

ती त्यांच्याशी कन्नडमध्ये बराच वेळ बोलली. नंतर मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं: पट्टीत एक गोष्ट आहे जी आम्हाला माहीत नव्हती, ती समजेपर्यंत तुमच्या पायाला लावणार नाही, असं ती म्हणाली होती. रुद्रप्पांनी विचारलं, किती दिवस. ती म्हणाली, दिवस नाहीत, वर्ष.

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, पायाला विचारतो, थांबतोस का."

संध्याकाळी घरी तिने अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मी घाण पाण्यात ठेवली नव्हती."

"माहीत आहे, अण्णा."

"घागर चिंचेने घासतो. रोज."

"अण्णा, तुमची चूक नाही. मी विचारलं नाही."

"विचारायचं काय त्यात? तू याच घरात वाढलीस. सोमवारी बेल तोडत नाहीत हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मेघना म्हणाली. "ते वहीत लिहायचं असतं, हे कळलं नव्हतं."

अण्णा उठून आत गेले. स्वयंपाकघरात भांडी लावल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले. सोमवारच्या पानांचं तिने त्या दिवशी काढलं नाही.

पुढचा सोमवार

माझं परतीचं तिकीट गुरुवारचं होतं. ते मी बदललं. साप्ताहिकाला पट्टीवरचा लेख येणार नाही असं कळवलं. संपादकांनी, मग तिथे काय करताय, असं विचारलं. थांबले आहे, असं उत्तर दिलं.

गुरुवार ते रविवार अण्णांनी रोज पानं तोडून काचेच्या बरणीत दिली. बोलणं कमी होतं. रविवारी जेवताना मेघनाने विषय काढला. उद्याची पानं उद्याच तोडलेली हवीत, ती म्हणाली. दुसऱ्या झाडाची चालणार नाहीत. तुम्ही नको म्हणालात तर सहाच दिवसांचं करू आणि का ते लिहू. तुमच्या मागे, तुमच्या नकळत तोडणार नाही.

"तुझ्या मॅडमना सहा चालतील?"

"प्रबंध होईल. पण कोणीतरी विचारेल, सोमवारचं काय. आणि ते बरोबर असेल."

अण्णा ताट उचलून आत गेले. मी मध्ये पडले नाही. त्यात बोलण्याचा मला अधिकार नव्हता.

सोमवारी सकाळी सहाला ढगाळ होतं. नोव्हेंबरात इथे अशी बारीक भुरभुर असते. अंग भिजत नाही, चष्मा भिजतो. मेघना बरणी घेऊन अंगणात आली. अण्णा तिच्या आधी आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून बेलाखाली उभे होते. खालच्या फांद्या आठवडाभरात रिकाम्या झाल्या होत्या. पानं होती ती तिच्या हाताच्या वर.

"मी तोडणार नाही," अण्णा म्हणाले.

"हो, अण्णा."

"सत्तर वर्षांत तोडला नाही."

"हो."

त्यांनी दोन्ही हात वर करून एक फांदी पकडली आणि तिच्या खांद्यापर्यंत वाकवून धरली. तोंड दुसरीकडे वळवलेलं होतं. मेघनाने पानं खुडली, देठासकट, एकेक. किडलेलं पान बाजूला ठेवलं. फांदीला बारीक काटे असतात. अण्णांच्या मनगटावर एक ओरखडा उठला, त्यांनी हात सोडला नाही. बरणी भरल्यावर ती "पुरे" म्हणाली, तेव्हा त्यांनी फांदी हळूच वर जाऊ दिली.

पायरीवर बसून मेघनाने वही उघडली. आता नोंदी लांबलचक झाल्या आहेत. झाड, फांदीची बाजू, वार, तिथी, तोडल्याची वेळ, भांडं, पाणी. तोडणारी व्यक्ती या रकान्यात तिने स्वतःचं नाव घातलं.

अण्णांनी चष्मा पुसला आणि तिच्या खांद्यावरून वाकून ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"फांदी कोणी धरली तेही लिही," ते म्हणाले.

मेघनाने लिहिलं.